सल्ल्याचे पैसे कोण देणार?

(चाळीसगाव येथे दोन तरुणांनी स्थापन केलेल्या हरित इमारत सल्लागार भागीदारी संस्थेच्या प्रारंभप्रसंगी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी खाली चहा घेताना या दोघा भागीदारांपैकी एकाचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही पेपरवाले, तुम्ही खरं सांगाल. घर कसं बांधावं याचा सल्ला आपल्याकडे गवंडी देतो, शेजारी देतो, सोयरा तर न विचारता देतो. त्याचे पैसे आजवर कोणी कोणाला दिले नाहीत. मग ही पोरं खाणार काय?’’

प्रश्न व्यवहाराचा आहे आणि बापाचा आहे. त्यामुळे वसुंधरा, पंचमहाभूते आदी विषयांवर मी जे टिपण काढून आणले होते ते खिशातच ठेवतो आणि त्या गृहस्थांनाच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी कला शाखेचा पदवीधर. तीस वर्षे बातम्या लिहिण्यात गेली. तेव्हा तांत्रिक बाबतीत कुठे घसरलो तर समोर बसलेल्या अभियंत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम हा व्यवसाय म्हणजे काय ते पाहू. वास्तुविशारद आराखडा काढतो, अभियंता लोखंड-सिमेंटचे गणित करतो, ठेकेदार बांधतो. इमारत उभी राहिली की या तिघांचेही काम संपते. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे विजेचे बिल भरायचे, चैत्र-वैशाखात टँकर मागवायचे आणि दुपारी दोन वाजता वरच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही, हे सारे मालकाच्या वाट्याला येते. हरित इमारत सल्लागार त्या चाळीस वर्षांचा हिशेब पाया खणण्यापूर्वी मांडून दाखवतो. पश्चिमेची खिडकी केवढी ठेवावी, तिच्यावर छज्जा किती पुढे काढावा, छतावर कसला थर द्यावा, पावसाचे पाणी कोठे न्यावे, या प्रत्येक निर्णयाची किंमत तो युनिटांत, लिटरांत आणि रुपयांत सांगतो. मालकाला प्रमाणपत्र हवे असेल तर त्यासाठी लागणारी कागदपत्रेही तोच तयार करतो.

हा धंदा आकाशातून पडला नाही. १९९० साली ब्रिटनमध्ये इमारतींना पर्यावरणाच्या कसोटीवर गुण देण्याची पहिली पद्धत सुरू झाली. अमेरिकेत १९९३ च्या एप्रिल महिन्यात वॉशिंग्टन येथे वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेच्या बैठकीच्या दालनात साठेक कंपन्यांचे प्रतिनिधी जमले आणि ‘यू. एस. ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ स्थापन झाली. तिचे संस्थापक तिघे. डेव्हिड गॉटफ्रीड हे बांधकाम व्यावसायिक, माइक इटालियानो वकील आणि रिक फेड्रिझी हे कॅरिअर या वातानुकूलन यंत्रांच्या कंपनीतले. ‘कमी थंड हवा विका’ म्हणणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत थंड हवा विकणाऱ्या कंपनीचा माणूस! मला आधी हे विसंगत वाटले. नंतर लक्षात आले की वाया जाणारी थंड हवा किती, हे त्या धंद्यातल्या माणसाइतके दुसरे कोणाला ठाऊक असणार? आपल्या देशातही ज्यांचे नाव या चळवळीत सर्वाधिक आदराने घेतले जाते ते डॉ. प्रेम सी. जैन वातानुकूलनाचेच अभियंता होते. भारतीय हरित इमारत परिषदेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या अमेरिकन कौन्सिलने २००० साली ‘लीड’ नावाची गुणपद्धती सर्वांसाठी खुली केली. तिच्यात पाण्याला, विजेला, साहित्याला, आतल्या हवेला अंक असतात. अंकांच्या बेरजेप्रमाणे रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा श्रेणी मिळतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखाच हा प्रकार. आता ही मोजपट्टी भारतात कशी आली त्या कथेकडे वळू, कारण काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

हैदराबादेत हायटेक सिटीच्या परिसरात एक केंद्र उभारण्याचे ठरले. त्यात तीन पक्ष होते. तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने जमीन दिली, भारतीय उद्योग महासंघाने संस्था चालवण्याची जबाबदारी घेतली आणि मुंबईच्या पिरोजशा गोदरेज प्रतिष्ठानाने आर्थिक भार उचलला. तांत्रिक साहाय्य अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेचे होते. शासनाची जमीन, उद्योगसंघटनेची यंत्रणा आणि एका घराण्याचा पैसा, अशी ही भागीदारी. केंद्राला नाव दिले सोहराबजी गोदरेज यांचे. १९१२ मध्ये जन्मलेले आणि २००० मध्ये निवर्तलेले सोहराबजी हे गोदरेज घराण्यातले निसर्गप्रेमी म्हणून ओळखले जात. विक्रोळीला खाडीकाठचे तिवरांचे जंगल त्या घराण्याने राखले, हे मुंबईत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना ठाऊक असेल. त्यांचे पुतणे जमशेद गोदरेज यांनी या केंद्राच्या उभारणीत पुढाकार घेतला. २००१ मध्ये महासंघाच्याच छत्राखाली भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली.

आता पाहा, या मंडळींपुढे अडचण कोणती होती? हरित इमारत म्हणजे काय, हे सांगणारी इमारतच देशात नव्हती. सल्ला द्यायचा तर दाखवायचे काय? म्हणून त्यांनी केंद्राचे स्वतःचे कार्यालयच नमुना म्हणून बांधायला घेतले. वडोदऱ्याचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी सुमारे २०,००० चौरस फुटांची वर्तुळाकार वास्तू रचली. मध्ये चौक, भोवती खोल्या, उन्हाला अडवणाऱ्या जाळ्या, छताच्या मोठ्या भागावर माती आणि हिरवळ, हवा आत घेण्यापूर्वी तिला थंड करणारे दोन मनोरे, राखेच्या विटा, वनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करून बागेला देण्याची सोय. नोव्हेंबर २००३ मध्ये या इमारतीला ६९ पैकी ५६ अंकांसह प्लॅटिनम श्रेणी मिळाली. अमेरिकेबाहेर ही श्रेणी मिळवणारी ती पहिली इमारत. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

हे सारे ऐकताना आपल्यापैकी ज्येष्ठांच्या मनात काय आले असेल ते मी सांगू शकतो. चौक, जाळी, छतावर माती! अहो, हे तर आपले धाब्याचे घर!

होय, बरेचसे तेच. माझे बालपण गिरणाकाठच्या एका खेड्यात, धाब्याच्या घरात गेले. दीड-दोन हात रुंद मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर हातभर मातीचा थर आणि मृगापूर्वी त्यावर पसरलेली खारी माती. वैशाखात बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असले तरी दुपारी आतल्या खोलीत आजी घोंगडी टाकून निवांत झोपे. मी बारा-तेरा वर्षांचा असताना वडिलांनी ते घर पाडले आणि स्लॅबचे घर बांधले. गावात प्रतिष्ठा वाढली. पहिल्याच उन्हाळ्यात आजी आतून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘हाई घर नई, भट्टी शे.’’ त्यानंतर दर उन्हाळ्यात तिची खाट अंगणातल्या लिंबाखाली असे.

कारण सोपे आहे. माती उष्णता सावकाश वाहते. काँक्रीटच्या सुमारे एकतृतीयांशच. त्यातून धाब्याचा थर हातभर, तर स्लॅबची जाडी पाच इंच. दुपारचे ऊन धाब्यातून खाली उतरेपर्यंत रात्र उलटते आणि तोवर बाहेर गारवा आलेला असतो. स्लॅबमधून तेच ऊन संध्याकाळी, नेमके माणूस घरी परतण्याच्या वेळी, डोक्यावर येते.

तथापि, माझ्या वडिलांना मूर्ख ठरवायला मी तयार नाही. धाबे गळत असे. वाळवी तुळया पोखरत असे, उंदीर भिंती पोखरत. दरवर्षी माती वाहून वर न्यायची, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. हे कोणी करायचे? घरातल्या बायकांनी. आपण जुन्या घराच्या गारव्याचे गोडवे गातो, पण आजीच्या पाठीचा हिशेब कोणी केला नाही. तिची सून म्हणजे माझी आई स्लॅबचे घर झाले तेव्हा मनापासून आनंदली होती, हेही मी पाहिले आहे. पूर्वजांना सर्व ठाऊक होते, असे म्हणून स्वतः मात्र काचेच्या दर्शनी भागाचे दुकान बांधायचे, ही सवय आपल्याला लागली आहे. हे मी सर्वांत आधी स्वतःला सांगतो, कारण आज मीही स्लॅबच्याच घरात राहतो.

मग हैदराबादच्या लोकांनी वेगळे काय केले? त्यांनी मोजले. जुन्या घराचे शहाणपण आजीच्या अनुभवात होते, आकड्यात नव्हते. म्हणून सिमेंटच्या जाहिरातीपुढे ते एका दिवसात हरले. हैदराबादच्या वास्तूत तेच शहाणपण मनोऱ्यातल्या हवेचे तापमान, मीटरचे युनिट, टाकीतले लिटर या भाषेत लिहिले गेले, आणि त्या भाषेतला कागद घेऊन उद्योगपतीच्या, बँकेच्या दारी जाता येते. काही जण विचारतात, मोजपट्टी अमेरिकेची कशाला? आक्षेप अगदीच गैरलागू नाही. बंद काचेच्या, चोवीस तास वातानुकूलित कार्यालयासाठी आखलेली पट्टी आपल्या चौकाच्या घराला जशीच्या तशी लागत नाही. याच विचारातून दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने केंद्र शासनाच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयासह ‘गृह’ ही भारतीय गुणपद्धती घडवली आणि २००७ मध्ये ती राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली गेली. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिला सवलतींची जोड दिली. पण तापमापकही मूळचा परदेशीच आहे. म्हणून आपण ताप मोजायचा थांबलो काय?

आता पैशांकडे. या वास्तूला नेहमीच्या बांधकामापेक्षा सुमारे १८ टक्के खर्च अधिक आला, हे केंद्राशी संबंधित मंडळींनीच सांगितले आहे. आवश्यक काचा, रंग, उपकरणे त्या काळी भारतात सहज मिळत नव्हती आणि बांधणाऱ्यांनाही सवय नव्हती. हे जादा पैसे कोणी दिले? ज्यांना पुढच्या शंभर इमारतींना वाट दाखवायची होती, त्यांनी ते पदरचे घातले. पुढे गुरगावला आयटीसी, विप्रो अशा कंपन्यांच्या इमारती झाल्या, पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेले सुझलॉनचे संकुल झाले, साहित्य देशात बनू लागले आणि जादा खर्चाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्या काळात वास्तुविशारदांच्या आणि वातानुकूलनाच्या कार्यालयांत नोकरी करणारे तरुण बाहेर पडले. एकाला आराखडा वाचता येतो, दुसऱ्याला वीजभार काढता येतो, अशा दोघा-तिघांनी पुण्यात, मुंबईत, दिल्लीत, चेन्नईत लहान लहान भागीदाऱ्या मांडल्या. आपल्या या दोघांची जोडीही तशीच आहे. एक वास्तुविशारद, एक विद्युत अभियंता.

काका, ज्ञानाचे पैसे कोण देणार हा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. इथून जवळ पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख सापडला, तो वाचून भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला आणि शके ११२८ च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या १२०६-०७ मध्ये, निकुंभवंशीय सोईदेवाने त्याला दान दिले. भास्कराचार्यांचा अभिमान आपण सर्वच बाळगतो. मला त्या लेखाचा शेवटचा, जुन्या मराठीतला भाग अधिक आवडतो. पेठेतल्या विक्रीवरील कोणता वाटा मठाला जाईल, तेलाच्या घाण्याकडून किती तेल येईल, याची तेथे चोख नोंद आहे. गणित शिकवणाऱ्याच्या दिव्यात तेल कोण घालणार, हे दगडावर कोरून ठेवणारे लोक व्यवहारात कच्चे नव्हते.

आणि अलीकडचे पाहा. ठिबक सिंचनाचा सल्ला खानदेशच्या शेतकऱ्याने फुकट घेतला असे आपल्याला वाटते. तसे नाही. जळगावला भवरलालजी जैन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबकचा व्यवसाय उभारला तेव्हा नळीबरोबर कृषितज्ज्ञही बांधावर येत होता. त्याचा पगार नळीच्या किमतीतच होता. केळीच्या खोडाला किती पाणी लागते हे डोळ्यांनी दिसले, तेव्हा शेतकऱ्याने पैसे मोजले. आपला माणूस शब्दाला पैसे देत नाही, दिसलेल्या फरकाला देतो. या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

कायद्याचाही थोडा आधार आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये संहिता आली, निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याचा हात निवासी इमारतींपर्यंत पोहोचला. मात्र केवळ कायद्याच्या धाकाने येणारे गिऱ्हाईक कागद मागते, गारवा मागत नाही. त्यावर विसंबू नये.

इथे मला एक कडू गोष्ट बोलावी लागेल. या व्यवसायात प्रमाणपत्र हेच ध्येय होऊन बसते. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने यावर जाहीर टीका केली आहे. आराखड्यावर हरित ठरलेल्या इमारती प्रत्यक्ष वापरात किती वीज खातात ते तपासा, असा त्यांचा आग्रह आहे. पैसे मालक देणार, अंक सल्लागार गोळा करणार. मग दोष दाखवणार कोण? माझ्या परिचयातल्या एका संस्थेने मोठ्या समारंभाने अशी इमारत बांधली. दोन वर्षांनी गेलो तर पावसाच्या पाण्याच्या टाकीत जुन्या खुर्च्या ठेवल्या होत्या आणि दर्शनी भिंतीवर प्रमाणपत्र झळकत होते. या दोघांपुढेही असा क्षण येईल. पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणेल, ‘‘टाकी कागदावर दाखवा, प्रत्यक्षात नंतर पाहू.’’ त्या वेळी कार्यालयाचे भाडे थकलेले असेल. १९३२ चा भागीदारी कायदा नफा-तोट्याची वाटणी कशी करावी ते सांगतो, पण त्या क्षणी एकजण डगमगला तर दुसऱ्याने काय करावे, हे त्यात लिहिलेले नाही. ते आजच आपसांत बोलून ठेवा. जमल्यास भागीदारीपत्रातच लिहा की काम झाल्यावर दोन वर्षांनी स्वखर्चाने जाऊन मीटर वाचू आणि जो आकडा येईल तो मालकाला लेखी कळवू.

बाकी चाळीसगावात कामाला तोटा नाही. लॉरी बेकर यांना गांधीजींनी सांगितले होते की घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे. अमेरिकन पट्टीत हाच परिघ पाचशे मैलांचा होता! आपण मधला मार्ग धरू. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख आपल्याच जिल्ह्यात निघते. हैदराबादच्या वास्तूत ज्या राखेच्या विटा वापरल्या, तशा इथे स्वस्तात बनू शकतात. जुन्या स्लॅबवर पांढरा चुना किंवा फुटक्या चिनी फरशीचे तुकडे बसवले तरी वरचा मजला राहण्याजोगा होतो. त्याला प्लॅटिनम लागत नाही. आणि पाण्याचे म्हणाल, तर ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट आपल्यापैकी कोण विसरेल? तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी पेठेत शिरले. डोंगरात पाऊस अतोनात झाला हे खरे. पण गावातले अंगण अन् अंगण आपण काँक्रीटने आणि पेव्हर ब्लॉकने झाकले आहे, पडलेला थेंब मुरायला जागाच ठेवलेली नाही, हेही तितकेच खरे. ज्या अंगणात माझ्या आजीची खाट असे, तिथेही आता फरशी आहे.

काका, तुमच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आता देतो. पहिले गिऱ्हाईक मी. माझ्या घराचा वरचा मजला उन्हाळ्यात बंद असतो. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून हे दोघे तिथे आणि शेजारच्या घरात तापमापक टांगतील, रोज तीन वेळा नोंद करतील, मग माझ्या छतावर जो थर सुचवतील तो मी देईन आणि पुढच्या मेमध्ये त्याच वेळी पुन्हा नोंदी होतील. दोन्ही वर्षांचे आकडे मी याच साप्ताहिकात छापायला देणार आहे. फरक पडला नाही तरीही. त्यांचे सल्लाशुल्क आणले आहे. हे पाकीट तुमच्या मुलाच्या हाती देतो. आणि हो, मला पावती हवी.